बसून ऊब दिलेली खुर्ची

१

आपल्या सकाळच्या चहात कुणी ढवळाढवळ केलेली सुनेत्राबाई गद्र्यांना खपत नसे. मिशिगनमधल्या ट्रॉय गावात त्यांची उभी हयात गेली होती. हॉस्पिटलात रेडिओलॉजिस्ट म्हणून एक्स-रे वाचता वाचता त्या रिटायर झाल्या, नवरा गेला, शेजार किती वेळा तरी बदलला, पण आलं ठेचून घातलेला चहा आणि त्याच्या पहिल्या घोटाला तोंडून निघणारं 'हां' यात काडीचा फरक पडला नव्हता.

वर्षभरापूर्वी मुलगी परत घरी राहायला आली आणि या चहाला जोडीदार मिळाला. ऋताची पस्तिशी उलटलेली. तिचा घटस्फोट झाला होता. त्याबद्दल ती बोलत नसे आणि सुनेत्राबाई विचारत नसत, म्हणजे जिभेच्या टोकावर आलेलं चहाबरोबर गिळून टाकत. गाड्यांच्या सीटा बनवणाऱ्या एका कंपनीत ती इंजिनिअर होती. शिवाय गेली काही वर्षं ती पेगन लोकांच्या एका मंडळात जात होती. झाडं, ऋतू, ख्रिस्ताच्या आधीचे जुने देव असा त्यांचा मामला. ओळखीपाळखीतल्या बायकांनी नाकं मुरडली, पण सुनेत्राबाई म्हणाल्या, "तुमची मुलं जुगार खेळायला व्हेगासला जातात, माझी झाडाखाली बसते. मला परवडतं."

नोव्हेंबरपासून मात्र ऋताची चहा प्यायची जागा बदलली. आधी ती स्वयंपाकघरातल्या काउंटरला टेकून उभ्याउभ्याच प्यायची. आता ती कप घेऊन फॅमिली रूममध्ये जाऊ लागली. तिथे मागच्या अंगणाच्या खिडकीपाशी तिने जुन्या डायनिंग सेटमधली एकुलती एक उरलेली खुर्ची नेऊन ठेवली होती, मोहरी रंगाच्या गादीची. तिच्यावर ती फोन न घेता शांत बसायची आणि चहा संपवायची. उठायची मात्र झटक्यात, आणि मागे वळून न बघता कोट चढवून कामाला निघायची.

"आई, तिथे तू बसू नकोस हं. दिवसभर."

"का गं? माझ्या वजनाने मोडेल?"

"नो... इट्स टेकन. प्लीज."

सुनेत्राबाई नाही बसल्या. घरात बसायला सोफे काय थोडे होते!

जानेवारीतल्या एका सकाळी गॅरेजचं दार खाली आल्याचा आवाज झाला, ऋताची गाडी गेली, आणि सुनेत्राबाई व्हॅक्यूम घेऊन फॅमिली रूममध्ये आल्या. ऋताचा रिकामा कप अजून गरम होता. खुर्ची सरकवायची म्हणून त्यांनी गादीवर हात टेकवला आणि तसाच मागे घेतला. गादी गार होती. नुसती निवलेली नव्हती. फ्रीजरमधून पाकीट काढताना बोटांना चटका बसतो ना, तशी गार होती.

त्यांनी सोफ्याला हात लावून पाहिला. जिथून त्या स्वतः मघाशी उठल्या होत्या तिथे ऊब होती. खुर्चीची पाठ, खुर्चीचे हात, सगळं खोलीइतपतच. फक्त गादी, आणि गादीतही पुढची कड जास्त. खिडकीतून वारा येत असेल, त्या स्वतःशी म्हणाल्या. खिडकीला हात लावला. वारा नव्हता. मग म्हणाल्या, या वयात बोटांच्या नसा दगा देतात. आणि त्यांनी खुर्चीच्या भोवतीने व्हॅक्यूम फिरवला. खुर्चीखालची धूळ त्या दिवशी तशीच राहिली.

२

शनिवारी ऋता आपण होऊनच बोलली. दोघी मेथी निवडत बसल्या होत्या.

"आई, एक सांगायचंय. बट डोन्ट बी अ डॉक्टर अबाउट इट."

"बरं. नुसती आई होते. सांग."

ऑक्टोबरच्या शेवटी मंडळातले सगळे तळ्याकाठच्या जंगलात गेले होते. ऋता एका पडलेल्या ओंडक्यावर बराच वेळ बसली होती. ती उठली, आणि तिला स्पष्ट कळलं की मागे कुणीतरी आलंय आणि त्या ओंडक्यावरच्या उबेने कुणाला तरी फार फार बरं वाटलंय. दिसलं काही नाही. मग ती बाई ऋताबरोबर घरी आली.

"ती बाई?"

"शी. एवढंच कळतं. तिला कॅन्डल नको, फूल नको, फूड नको. तिला फक्त कुणीतरी बसून गरम केलेली जागा हवी. कुठल्याच पुस्तकात अशी देवी नाही गं. मी सगळं शोधलं."

सुनेत्राबाईंनी मेथीची काडी मोडली. "आपल्याकडे असा दृष्टान्त झाला असता तर एव्हाना शेंदूर लागून लाउडस्पीकर वाजला असता."

ऋता हसली. "आमच्याकडे उलटं आहे." मग तिने समजावून सांगितलं. ज्याचं त्याला कळलेलं, जुन्या पुस्तकात आधार नसलेलं, दुसऱ्या कुणाला अजून न आलेलं असं जे काही असतं, त्याला ते लोक 'पर्सनल नोसिस' म्हणतात. त्याला कुणी हसत नाही आणि कुणी वेडंही म्हणत नाही. पण कुणी सामीलही होत नाही. ते तुझं, तू तुझ्या घरी पाळ. मंडळाचं केव्हा होतं? जेव्हा तेच दुसऱ्या कुणाच्या तोंडून, न सांगता येतं तेव्हा. आणि त्यात कुणी कुणाचं ऐकून सांगू नये म्हणून एक खूण राखून ठेवायची. ती फक्त लोर्नाच्या कानात सांगायची. दुसऱ्याने नेमकी तीच खूण आणली, तरच खरं.

लोर्ना ही मंडळाची म्होरकी, सत्तरीची. आयुष्यभर गाड्यांच्या कारखान्यात तपासनीस होती, सुटे भाग तपासून पास-नापास करायची.

"तरीच," सुनेत्राबाई म्हणाल्या. "देवाचंसुद्धा क्वालिटी कंट्रोल! आणि तू काय सांगितलंस तिच्या कानात?"

"आई! दॅट्स द होल पॉइंट."

दोघींनी आणखी एक जुडी निवडली. मग सुनेत्राबाईंनी मेथीकडेच बघत विचारलं, "बाबा तर नाहीत ना गं?"

ऋताने आईच्या हातावर हात ठेवला. "नाही, आई. बाबा नाहीत. हे कुणीतरी खूप जुनं आहे. आणि फार एकटं."

सुनेत्राबाईंना आपण रडू असं वाटलं नव्हतं, पण डोळे भरून आले. तेवढ्यातही त्यांच्या लक्षात एक गोष्ट आल्यावाचून राहिली नाही. हातावर ठेवलेला मुलीचा हात भलताच गार होता.

३

फेब्रुवारी उजाडेपर्यंत ऋता घरातही दोन स्वेटर घालून वावरू लागली. ओठांचा रंग उतरला. सुनेत्राबाईंमधली डॉक्टर जागी झाली आणि तिने कुणाचं ऐकलं नाही. थायरॉईड पाहिला, हिमोग्लोबिन पाहिलं, ओळखीच्या डॉक्टरांकडून सगळ्या तपासण्या झाल्या. सगळं नॉर्मल. थर्मामीटर मात्र पंच्याण्णवच्या वर चढेना. डॉक्टर म्हणाले, मशीन बदलून बघा. मशीन बदललं, आकडा तोच राहिला.

रोज सकाळी ऋता त्या खुर्चीवर बसायची. रोज ती उठल्यावर सुनेत्राबाई जाऊन गादीला हात लावायच्या. आता त्यांना जाणवू लागलं होतं की गादी आपोआप गार होत नाही. ऋता उठल्यावर क्षणभर ऊब असते. मग खोलीत काहीतरी बदलतं, काय ते सांगता येत नाही. घर तापवणाऱ्या फर्नेसचा आवाज तोच, फ्रीजची घरघर तीच. पण कुणीतरी आत आल्यावर खोलीचा आवाज जसा थोडा बुजतो, तसा तो बुजतो. आणि मग ऊब जाते.

"बंद कर हे, ऋता."

"कसं? शी विल स्टिल बी कोल्ड."

"मग मी बसते तुझ्याऐवजी. माझ्या अंगात काय कमी ऊब आहे? एवढी चरबी वाढवली ती कशासाठी?"

ऋताला हसू आलं नाही. "तुला तिने बोलावलेलं नाही, आई. आय ट्राइड. एकदा तू सोफ्यावरून उठलीस तेव्हा मी तिला म्हटलं, तिथे बघ. नाही गेली. अजून ते फक्त माझं आहे. दुसऱ्या कुणाला आलं तरच ते शेअर होतं. पण सर्कलमध्ये कुणाला येतच नाहीये. दर वेळी लोर्ना विचारते, सगळे माना हलवतात. दे आर सो काइंड. आणि मला वाटतं, मी मूर्खच आहे."

सुनेत्राबाईंना त्या काइंड लोकांचा मनापासून राग आला. एकाला तरी खोटं बोलता येऊ नये?

"ती खूण मला सांग," त्या म्हणाल्या. "मी जाऊन सांगते तुझ्या लोर्नाला, मला दिसलं म्हणून. मी म्हातारी बाई, डॉक्टर. माझ्यावर कोण संशय घेणार?"

ऋता पहिल्यांदाच आवाज चढवून बोलली. "नो! ते खोटं असेल. लोर्नाला नाही कळणार कदाचित. पण तिला कळेल."

४

आता जे सुनेत्राबाईंनी केलं ते कुठल्याही आईने केलं असतं, म्हणून त्यांना बोल लावण्यात अर्थ नाही.

एका सकाळी बर्फ पडत होता. त्यांनी ऋताच्या हातात चहा थर्मासमध्येच भरून दिला. रस्ते खराब आहेत, लवकर नीघ, म्हणाल्या. ऋताने खुर्चीकडे पाहिलं. "मी बसले नाही."

"एक दिवस तिने कळ काढली तर काय बिघडतंय? मी बघते. जा."

ऋता गेली. सुनेत्राबाईंनी गरम पाण्याची रबरी पिशवी भरली, टॉवेलात गुंडाळली आणि मोहरी रंगाच्या गादीवर ठेवली. "घ्या," त्या मोठ्याने म्हणाल्या. "ही घ्या ऊब, पोटभर. माझ्या पोरीला सोडा." रिकाम्या खोलीत बोलताना त्यांना स्वतःचीच लाज वाटली. मग त्या स्वयंपाकघरात जाऊन कणीक मळू लागल्या.

खोलीचा आवाज बुजला. ते त्यांना पिठात हात असताना कळलं. मग काहीतरी कडकन मोडल्यासारखा आवाज आला, आणि त्यानंतर खोली पुन्हा मोकळी झाली, अगदी चटकन, कुणीतरी तरातरा निघून गेल्यावर होते तशी.

पिशवी दगडासारखी झाली होती. आतल्या पाण्याचा बर्फ होऊन रबर कडेने फाटलं होतं. टॉवेल ताठ झाला होता आणि उचलला तरी खुर्चीच्या कडेचा आकार सोडत नव्हता. सुनेत्राबाई पिठाच्या हातांनी तिथेच उभ्या राहिल्या. रबर जुनं असेल, असं त्यांच्या मनात आलं. जुनं रबर फाटतं. पण जुन्या रबरात उकळतं पाणी गोठत नाही, हेही लगेच मनात आलं.

तेवढ्यात फोन वाजला. ऋताच्या ऑफिसमधून होता. ती बसल्या जागी कोसळली होती.

घरी आणल्यावर रजयांच्या ढिगाखालून, दात वाजत असताना ती म्हणाली, "ती तिथे आली, आई. ऑफिसमध्ये. अशी कधीच येत नाही ती. खूप... घाबरलेली होती. तू काय दिलंस तिला?"

सुनेत्राबाईंनी सांगितलं. मुलगी रागावेल असं त्यांना वाटलं होतं. ऋताने नुसते डोळे मिटले.

"ती ऊब कुणाचीच नव्हती ना," ती म्हणाली.

त्या दिवशी सुनेत्राबाईंना कळून चुकलं की हे आपल्याने थांबणार नाही. मुलगी बसली तर रोज थोडी थोडी विझत जाणार, आणि नाही बसली तर एकदम. तिला वाचवायचं तर कुणाला तरी ते खरोखर यायला हवं होतं.

५

पुढचे काही दिवस ऋता घरूनच काम करत होती. कंपनीतून तिने तिची प्रेशर मॅट आणली होती. पातळ, काळी, चादरीसारखी. सीटवर अंथरायची आणि माणूस बसला की लॅपटॉपवर त्याचा ठसा उमटतो, कमी भार तिथे निळा, जास्त तिथे लाल. ऋताने पूर्वी एकदा आईला बसवून दाखवलं होतं. मागे दोन भाकऱ्या आणि पुढे मांड्यांचे दोन पट्टे. सुनेत्राबाई म्हणाल्या होत्या, जन्मभर लोकांच्या आतलं पाहिलं, आता माझं बाहेरचं बघा.

बुधवारी दुपारी जेवणं झाल्यावर ऋता त्या खुर्चीवर बसली, उठली आणि वर मीटिंगला गेली. तिचा बोलण्याचा आवाज छतातून येत होता. बाहेर बर्फावर लख्ख ऊन पडलं होतं आणि त्याचा उजेड सगळ्या खोलीभर होता. भीतीदायक असं काहीच नव्हतं. मॅट सोफ्यावर पडली होती, लॅपटॉप टेबलावर उघडा होता. सुनेत्राबाईंनी मॅट उचलली आणि खुर्चीवर अंथरली. मग त्या टेबलापाशी, खुर्चीकडे पाठ करून बसल्या.

लॅपटॉपचा पडदा काळा होता.

फर्नेस खट् करून बंद पडलं. आवाज बुजला. आणि मग मागे, कार्पेटवर, हलकासा आवाज झाला. एक, आणि लगेच दुसरा. हा आवाज त्यांच्या ओळखीचा होता. देवापुढे गुडघे टेकताना होतो तो.

पडद्यावर निळा ठिपका आला. मागे नाही. अगदी पुढच्या कडेला. भाकऱ्या नाहीत, पट्टे नाहीत. ठिपका पसरला, लांबट गोल झाला, मध्ये हिरवा, मग पिवळा. दोन्ही बाजूंना दोन फिकट डाग उमटले. सुनेत्राबाईंनी चष्मा पुसून परत लावला. तीस वर्षं त्यांनी सावल्या वाचल्या होत्या, त्यामुळे मनाने नको म्हणण्याआधीच डोळ्यांनी वाचायला सुरुवात केली. हे गालाचं हाड. हा जबड्याचा कोन. ही कानाची कड. कवटी आडवी, डाव्या कुशीवर. बाजूचे डाग म्हणजे पालथे तळवे. बोटं फार लांब होती. ती त्यांनी मोजली नाहीत.

ती बसतच नव्हती. जमिनीवर गुडघे टेकून ती खुर्चीवर डोकं ठेवत होती.

त्यांनी मान वळवली. खुर्ची रिकामी होती. उन्हात मोहरी गादीची पुढची कड मॅटसकट खाली दबलेली होती, आणि खुर्चीसमोरच्या कार्पेटवर दोन खळगे होते. वर ऋता कुणाच्या तरी विनोदावर हसली. पुन्हा पडद्याकडे पाहिलं तेव्हा ठसा हलत होता. गालाचं हाड पुसट झालं, कपाळ उमटलं, नाकाचं टोक क्षणभर टेकलं आणि मग दुसरा गाल आला. तिने कूस बदलली होती.

भीती वाटली, वाटल्याशिवाय कशी राहील? पण त्या भीतीच्या आत सुनेत्राबाईंना दुसरंच काहीतरी दाटून आलं, आणि ते काय आहे हे कळायला त्यांना वेळ लागला नाही. कुणी मांडीवर डोकं ठेवायला यावं, आणि तिथे मांडीच नसावी.

६

रविवारी दुपारी सुनेत्राबाई ऋताबरोबर तिच्या मंडळात गेल्या. एका चर्चच्या तळघरातला हॉल त्यांनी भाड्याने घेतलेला होता. घडीच्या खुर्च्या गोलात मांडल्या होत्या, कोपऱ्यात कॉफीचा मोठा पिंप होता, आणि मंडळी अगदी साधी. कुणी शाळेतली मास्तरीण, कुणी सुतार, एक तरुण जोडपं तान्ह्या बाळासकट. काळे झगे वगैरे काही दिसलं नाही, त्यामुळे सुनेत्राबाईंची थोडी निराशाच झाली. लोर्ना ठेंगणी, पांढऱ्या केसांची. हॉल गरम होता, तरी तिच्या हातांत लोकरीचे मोजे होते.

देवांची नावं घेऊन झाली. मग लोर्नाने नेहमीप्रमाणे विचारलं, ऋताच्या पाहुणीबद्दल कुणाला काही आलंय का? माना हलल्या. ऋताने खाली बघितलं.

"मला आलंय," सुनेत्राबाई म्हणाल्या.

"आई, डोन्ट," ऋता कुजबुजली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. तिला वाटलं, आई खोटं बोलतेय.

लोर्ना उठून जवळ आली. "डॉक्टर, तुम्ही दोघी एकाच घरात राहता. मला कडक व्हावं लागेल."

"व्हा," सुनेत्राबाई म्हणाल्या. "खरं सांगायचं तर तुमचे देव मी मानत नाही. माझे तरी किती मानते, ते मला विचारू नका. पण नोकरीत एक शिकले. दिसलं ते लिहायचं, मनाचं घालायचं नाही. कान इकडे करा."

त्यांनी सांगितलं. लोर्नाचा चेहरा जवळून दिसत होता, त्यावर काही हललं नाही.

"डोकं ठेवते," लोर्ना हळूच म्हणाली. "हीच खूण. पण कूस बदलते, हे ऋताने मला सांगितलं नव्हतं."

"तिला माहीत नसेल. ती उठून जाते."

"पण ते खरं आहे," लोर्ना म्हणाली, आणि एकेक करून हातमोजे काढले. तिच्या बोटांची टोकं निळी पडली होती. सगळ्यांना ऐकू जाईल असं ती म्हणाली, "ख्रिसमसपासून ती माझ्याही स्वयंपाकघरात येते. मला बोलता येत नव्हतं. मी खूण आधीच ऐकली होती. ऐकलेल्याची साक्ष चालत नाही, हा नियम माझाच."

ऋता ओक्साबोक्शी रडू लागली. ज्या तरुण बाईच्या मांडीवर बाळ होतं, तिने एका हाताने ऋताला जवळ घेतलं.

"ती आता आपली आहे," लोर्ना म्हणाली. "पाळी लावू. पहिलं कोण बसेल?"

७

गोलाच्या मध्ये एक खुर्ची ठेवली. सुनेत्राबाई तिच्याकडे निघाल्या तेव्हा ऋताने त्यांची बाही धरली.

"आई, थोडंच बसायचं. मग उठायचं. लगेच."

"तू का उठतेस गं?"

ऋताने नाक पुसलं. "भीती वाटते. मांडीला काहीतरी टेकायला लागतं. मी कधीच थांबू शकले नाही."

"वाटणारच," सुनेत्राबाई म्हणाल्या आणि तिच्या गालावरून हात फिरवला. "यात तुझं काही चुकलं नाही, बाळा. तुला कुणी सोबतच नव्हतं."

त्या बसल्या. घडीची खुर्ची करकरली. त्यांनी साडीच्या निऱ्या सारख्या केल्या, गुडघे जवळ घेतले आणि हात बाजूला ठेवले. कॉफीच्या पिंपाची गुणगुण चालू होती. ती बुजली. समोरच्या लाद्यांवर तो ओळखीचा आवाज झाला, एक आणि मग दुसरा. आता उठायचं, असं त्यांच्या पायांनी त्यांना सांगितलं. पोटरीचे स्नायू आवळलेसुद्धा. त्या उठल्या नाहीत.

आधी निऱ्या दबल्या. मग भार आला, हळूहळू, अंदाज घेत, कधीही मागे सरावं लागेल अशा बेताने. गार होता, फार गार, हाडापर्यंत जाणारा. सुनेत्राबाईंनी दात आवळले. भार थांबला. जणू तिला कळेना, की अजून ही बाई इथेच कशी. मग तो सगळाच्या सगळा मांडीवर आला, आणि हॉलमधल्या सगळ्यांनी एक लांब सुस्कारा ऐकला. तो तिथल्या कुणाचाच नव्हता.

मांडीवर काय आहे ते सुनेत्राबाईंनी खाली वाकून पाहिलं नाही. त्या समोर ऋताकडे बघत राहिल्या. तिच्या गालांवर रंग येत होता. तिने एक स्वेटर काढला, मग दुसरा, आणि स्वतःचे हात उलटेसुलटे करून बघत ती हसायला लागली. लोर्ना आपली बोटं चोळत होती, ती लालसर दिसत होती. सुनेत्राबाईंच्या छातीवरचं इतक्या दिवसांचं ओझं उतरलं. बाकी त्यांना कंबरेखालचं काहीच जाणवेनासं झालं होतं, आणि तोंडातून, त्या गरम हॉलमध्ये, वाफ निघत होती.

पाळी संपल्याची खूण म्हणून लोर्नाने हात वर केला. सुनेत्राबाई हलल्या नाहीत. त्यांचा उजवा हात आपोआप उचलला गेला आणि थोपटू लागला. मांडीच्या बराच वर, हवेतच कशावर तरी तळवा टेकत होता, उठत होता, पुन्हा टेकत होता. बाळाच्या आईने बाळाचं तोंड दुसरीकडे फिरवलं.

ऋता धावत आली, गुडघ्यांवर बसली आणि तिने आईचा मोकळा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. तिचे हात आता ऊनऊन होते.

"आई, झालं. ऊठ ना. वुई कॅन गो होम नाऊ. दुसरं कुणीतरी बसेल."

सुनेत्राबाईंनी तो हात सोडवून घेतला आणि आपल्या निळ्या पडलेल्या ओठांवर बोट ठेवलं.

"शू... हळू बोल," त्या म्हणाल्या. "आत्ता कुठे डोळा लागलाय तिचा."